विश्लेषण : चेन्नईतील महाविद्यालयीन बास्केटबॉल, परंपरा शतकाची, चाहते तीन वर्षांचे

चेन्नई : अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे सुमारे एक लाख वस्तीचे गाव आहे. तेथील विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे सामने ॲलन फील्डहाउस या १९५५ मध्ये उभारलेल्या प्रेक्षागृहात होतात. पंधरा हजारांहून अधिक आसनांच्या या प्रेक्षागृहात आजोबा, मुलगा आणि नात अशा तीन पिढ्या एकाच संघासाठी घसा कोरडा करताना दिसतात. त्यांतील अनेकांनी त्या विद्यापीठात एक दिवसही शिक्षण घेतलेले नसते. चेन्नईत हाच खेळ शंभर वर्षांपासून महाविद्यालयांच्या आवारात खेळला जातो. या शहराने देशाला कर्णधार दिले आणि राष्ट्रीय विजेते दिले. मात्र पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतरही आपल्या महाविद्यालयाच्या संघाचा सामना पाहण्यासाठी दरवर्षी येणारा प्रेक्षकवर्ग येथे निर्माण झाला नाही. हा फरक केवळ पैशाचा किंवा लोकांच्या आवडीचा आहे, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

एकाच मुळाच्या दोन शाखा

दोन्ही ठिकाणच्या बास्केटबॉलचे मूळ एकच आहे. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्याच स्प्रिंगफील्डच्या परंपरेतून आलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासमध्ये वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाची स्थापना केली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय पथकाची व्यवस्थाही बक यांनीच सांभाळली होती. नंदनम येथील या संस्थेतून तयार झालेले शारीरिक शिक्षक देशभरातील शाळा-महाविद्यालयांत गेले आणि त्यांच्यासोबत बास्केटबॉल व व्हॉलीबॉल हे खेळही गेले.

मद्रासच्या महाविद्यालयांत या खेळाला पोषक भूमी मिळाली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या लोयोला महाविद्यालयात संस्थापक फादर फ्रान्सिस बर्ट्रम यांच्या स्मरणार्थ होणारी क्रीडा स्पर्धा शहराच्या क्रीडाजीवनाचा जुना भाग आहे. तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयात वसतिगृहांमधील चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अलीकडच्या दशकांत खासगी अभिमत विद्यापीठांनी क्रीडा कोट्यातून उत्तम खेळाडू गोळा केले. महिला संघाचे नेतृत्व दीर्घकाळ केलेल्या आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेल्या अनिता पॉलदुराई याच शहराच्या. २०२२ मध्ये चेन्नईत झालेल्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांचे अजिंक्यपदही तमिळनाडूने पटकावले. थोडक्यात, गुणवत्तेचा किंवा इतिहासाचा तुटवडा येथे नाही.

चाहता घडतो कसा?

एखादी व्यक्ती आयुष्यभर एकाच संघाशी बांधली जाते, यामागील मानसिकतेचा अभ्यास समाजमानसशास्त्राने बराच केला आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले होते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढत असे. विजयाबद्दल बोलताना ‘आम्ही जिंकलो’ आणि पराभवाबद्दल बोलताना ‘ते हरले’ अशी भाषा अधिक आढळे. यशाच्या प्रकाशात स्वतःलाही उजळून घेण्याची ही मानवी प्रवृत्ती सर्वपरिचित आहे.

परंतु या प्रवृत्तीतून केवळ ‘चलतीचे चाहते’ तयार होतात. आजन्म चाहता तो, जो पराभवानंतरही ‘आम्ही हरलो’ असेच म्हणतो. डॅनियल वॅन यांच्यासारख्या अभ्यासकांनी संघाशी असलेल्या तादात्म्याचे मोजमाप करून हा भेद स्पष्ट केला. संघ हा ज्याच्या स्वतःच्या ओळखीचा भाग बनलेला असतो, तो पराभवाच्या काळात संघापासून दूर होत नाही. हे तादात्म्य कोठून येते, याचा शोध घेतला असता चार गोष्टी वारंवार समोर येतात : लहानपणी घरातून मिळालेला वारसा, जाण्यायेण्याच्या टप्प्यातील ठराविक जागा, वर्षानुवर्षे ठरलेल्या वेळी होणारी भेट आणि समोर कायम उभा असलेला एक प्रतिस्पर्धी.

ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन विद्यापीठांत जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचे अंतर आहे. त्यांच्यातील सामन्यासाठी ड्यूकचे विद्यार्थी प्रेक्षागृहाबाहेर तंबू ठोकून थंडीत दिवसेंदिवस राहतात. खेळाडू चार वर्षांत बदलतात. तंबू, जागा आणि प्रतिस्पर्धी बदलत नाहीत. चाहत्याची निष्ठा या न बदलणाऱ्या गोष्टींना धरून राहते. आयोवा राज्यातील केटलिन क्लार्क हिने आपल्याच राज्याच्या विद्यापीठाकडून चार हंगाम खेळून जो प्रेक्षकवर्ग मिळवला, तोही असाच टप्प्याटप्प्याने जमला होता. तिच्या संघाचा २०२४ मधील अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला आणि महिलांच्या अंतिम सामन्याने पुरुषांच्या सामन्याला प्रथमच मागे टाकले.

‘आवाज कुणाचा’चा धडा

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून पुण्यात होते. भरत नाट्य मंदिराच्या आवारात ‘अरे आवाज कुणाचा’ ही आरोळी उठते, तेव्हा तिच्यात आजचे विद्यार्थी असतात आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेले माजी विद्यार्थीही असतात. रंगमंचावरील एकही चेहरा ओळखीचा नसताना ते आपल्या महाविद्यालयासाठी ओरडतात. येथे खेळ नाही, चेंडू नाही. पण ठरलेला हंगाम आहे, ठरलेले नाट्यगृह आहे, परंपरेने चालत आलेले प्रतिस्पर्धी आहेत आणि करंडकावर कोरले जाणारे नाव महाविद्यालयाचे आहे.

बास्केटबॉलपुरते बोलायचे तर मुंबईतील नागपाडा हे उदाहरण बोलके आहे. दाट वस्तीतील मोजक्या कोर्टांवर तेथे भारताचे माजी कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर यांच्यासारखे खेळाडू घडले. गल्लीतल्या मुलाला कोर्टावर दिसणारा खेळाडू हा शेजारचाच कोणीतरी असे. जागा आणि माणूस यांचे हे नाते जुळले, की जाहिरातीविनाही प्रेक्षक जमतो.

नाव कुठे हरवते?

चेन्नईत नेमके हेच दुवे तुटलेले दिसतात. पहिला दुवा नावाचा. भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत संलग्न महाविद्यालयातील खेळाडू महाविद्यालयाच्या नावाने उतरत नाही. तो विद्यापीठाच्या पोशाखात खेळतो. लोयोला किंवा एखाद्या महिला महाविद्यालयातील उत्तम खेळाडू राष्ट्रीय पातळीवर पोहोचतो, तेव्हा त्याच्या छातीवर मद्रास विद्यापीठाचे नाव असते. शंभराहून अधिक महाविद्यालये सामावणाऱ्या प्रशासकीय संस्थेवर प्रेम करणे कोणालाही अवघडच. स्वतंत्र संघ उतरवणाऱ्या अभिमत विद्यापीठांना ही अडचण नाही. मात्र त्यांच्यापैकी अनेकांचे वय अजून दोन पिढ्यांचा वारसा तयार होण्याइतके नाही.

दुसरा दुवा वेळापत्रकाचा. या स्पर्धा बहुधा एकाच यजमानाच्या मैदानावर सलग काही दिवस, गटसाखळी आणि बाद पद्धतीने उरकल्या जातात. ‘आज आमच्या मैदानावर, पुढच्या महिन्यात तुमच्या मैदानावर’ अशी रचना नसल्याने एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला आपल्या संघाचे वर्षातून किती सामने पाहता येतील, हे सोडतीवर अवलंबून राहते. सामने कामकाजाच्या वेळेत झाल्यास वर्ग बुडवून येणारे मित्र वगळता प्रेक्षक मिळणे कठीण. माजी विद्यार्थ्याला तर सामना झाल्याचे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रातील चार ओळींवरून कळते.

व्यावसायिक लीगनेही ही उणीव भरून काढली नाही. इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगच्या पहिल्या हंगामात चेन्नई हीट संघ विजेता ठरला. परंतु २०२५ मध्ये पंचवीस वर्षांखालील खेळाडूंसाठी झालेल्या या लीगच्या नव्या स्वरूपात सर्व सामने दिल्लीतील त्यागराज क्रीडा संकुलात झाले. त्याआधीच्या यूबीए लीगमधील चेन्नई स्लॅम हा संघही लीगबरोबरच इतिहासजमा झाला. शहराचे नाव घेऊन शहराबाहेर खेळणारा संघ घरातल्या मुलाला कोर्टाच्या कडेला उभे करू शकत नाही.

निष्ठेची दुसरी, काळोखी बाजू

चेन्नईच्या विद्यार्थ्यांत महाविद्यालयीन अभिमान नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तो भरपूर आहे आणि अनेकदा चुकीच्या जागी उफाळून येतो. १८४० मध्ये सुरू झालेले प्रेसिडेन्सी आणि १८४२ मध्ये सुरू झालेले पचैयप्पा ही शहरातील सर्वांत जुन्या महाविद्यालयांपैकी दोन नावे. बसमार्ग आणि उपनगरी रेल्वेमार्गांवरून त्यांच्या विद्यार्थ्यांत होणाऱ्या संघर्षांची नोंद पोलिसांकडे अनेक वर्षांची आहे. प्रत्येक मार्गाचा म्होरका असलेला विद्यार्थी ‘रूट तला’ म्हणून ओळखला जातो. बस ताब्यात घेऊन मिरवणूक काढण्याच्या ‘बस डे’ प्रथेवर न्यायालयाने बंदी घातल्यानंतरही ती पूर्णपणे थांबली नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेंट्रल स्थानकाजवळ मारहाणीत जखमी झालेल्या प्रेसिडेन्सीच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अटक झाली.

या तरुणांपैकी अनेक जण उपनगरांतून आणि ग्रामीण भागातून दररोज प्रवास करून येतात. त्यांपैकी कित्येक जण घरातील पहिलेच पदवीधर होणारे असतात. महाविद्यालयाचे नाव ही त्यांच्या हाती आलेली पहिली मोठी ओळख असते. तिच्यासाठी उभे राहण्याची जागा म्हणून त्यांना रेल्वेचा डबा सापडतो. बास्केटबॉलचे सामने भरवल्याने ही हिंसा आपोआप थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. युरोपातील फुटबॉलच्या प्रेक्षकांचा इतिहासही तसे सांगत नाही. तरीही नियम, पंच आणि शेवटची शिट्टी असलेली चुरस आणि या तिन्ही गोष्टी नसलेली चुरस यांत मूलभूत अंतर आहे. पहिलीत पराभूत माणूस पुढच्या वर्षीची वाट पाहत घरी जातो.

शिट्टीचे शहर

निष्ठा कशी जोपासावी, हे चेन्नईला शिकवण्याची गरज नाही. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेपॉकवर भारताचा निसटता पराभव झाल्यानंतर येथील प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला मानवंदना दिली होती. चेन्नई सुपर किंग्जवर २०१६ आणि २०१७ अशी दोन हंगामांची बंदी आली. तरी २०१८ मध्ये संघ परतला तेव्हा चाहता जागेवरच होता. त्या वर्षी कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे संघाचे सामने पुण्याला हलवावे लागले, तेव्हा पिवळ्या पोशाखातील शेकडो चाहते विशेष रेल्वेगाडीने चेन्नईहून पुण्यात दाखल झाले. रांचीच्या धोनीला ‘तला’ म्हणून आपलेसे करणाऱ्या या शहराने खेळाडूचे गाव विचारले नाही. त्याने वर्षानुवर्षे त्याच मैदानावर, त्याच रंगात परत यावे, एवढीच अपेक्षा ठेवली.

पुढील वाट

यातून मार्ग निघण्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शहरातील आठ-दहा महाविद्यालयांनी वर्षभर शनिवारी सायंकाळी एकमेकांच्या कोर्टावर खेळण्याची साधी साखळी ठरवली, तारखा आधी जाहीर केल्या आणि माजी विद्यार्थी संघटनांना व परिसरातील शाळांना प्रवेश दिला, तर वर उल्लेखिलेल्या चारपैकी तीन अटी पूर्ण होतात. चौथी अट, म्हणजे घरातून मिळणारा वारसा, ही वीस वर्षांची बाब आहे. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री करंडक स्पर्धेत महाविद्यालयीन गट आधीपासूनच आहे. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने खेलो इंडिया युवा स्पर्धेचे यजमानपदही भूषवले. पायाभूत सुविधा आणि आयोजनाचा अनुभव त्यामुळे उपलब्ध आहे.

याची निकड खेळाडूंच्या बाजूने अधिक आहे. भारतीय बास्केटबॉलपटूचे भवितव्य आजही मुख्यतः रेल्वे, बँका आणि सरकारी खात्यांतील नोकरीवर अवलंबून आहे. प्रेक्षक नसलेल्या खेळाला पर्यायी आधार मिळत नाही. भरती थांबली की पंचविशीत खेळ थांबतो.

अमेरिकेकडे पाहताना एक सावधगिरीही हवी. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तेथील विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. खेळाडूंच्या श्रमाचे मोल मिळणे न्याय्यच आहे. मात्र त्याच सुमारास दर हंगामाला विद्यापीठ बदलण्याची मुभाही वाढल्याने ज्याला चार वर्षे घडताना पाहिले, तो ‘आपला’ खेळाडू दुर्मीळ होत चालल्याची तक्रार तेथील जुने चाहते करू लागले आहेत. क्रीडा कोट्यातून तयार खेळाडू आणून करंडक जिंकणाऱ्या आपल्या संस्थांनीही याचा विचार करावा. वर्गात कधीच न दिसलेला खेळाडू करंडक आणून देतो. बाकावर शेजारी बसणारा खेळाडू चाहता मिळवून देतो.

हॅरी क्रो बक यांनी लावलेल्या रोपट्याला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्याच्या सावलीत बसून खेळ पाहण्यासाठी पालकांनी मुलांना बोट धरून आणावे, यासाठी पुढील सामन्याची तारीख आणि जागा निश्चित असणे, एवढी किमान तयारी शहराच्या महाविद्यालयांना करावी लागेल.