फेसाला भुलू नका गं बायांनो!

पोळ्याला बैल धुवायचे आणि खंडेनवमीला गाडी, ही आता आपल्या गावाकडची रीतच झाली आहे. घोड नदीकाठचं इनामगाव घ्या, शेजारचं मांडवगण, न्हावरे घ्या, नाहीतर पलीकडे दौंड तालुक्यातलं पाटस, केडगाव घ्या. अंगणात कुठे ट्रॅक्टर, कुठे पिकअप, कुठे जुनी जीप आणि आता हौसेने घेतलेली छोटी कारही उभी दिसते. गाडीवर नाव घरधन्याचं असेल, चावी मुलाच्या खिशात असेल, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी बादली, फडकं आणि साबण घेऊन गाडीभोवती फिरते कोण? बहुतेक घरांत आपणच! मग तो साबण निवडायचा अधिकारही आपलाच नको का?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. धुण्याची पावडर बादलीत टाकली, हात घालून ढवळलं, की झालं काम. आता मात्र बाजारात गाडी धुवायचा 'फोम' आला आहे. वॉशिंग सेंटरवर गाडीवर पांढऱ्याशुभ्र फेसाचा जाड थर चढतो आणि पोरं मोबाइलवर त्याचं शूटिंग करत बसतात. मग घरीही तस्साच फेस हवा म्हणून हट्ट. दुकानदार विचारतो, "ताई, जास्त फेसवाला देऊ का?" आणि आपण मान डोलावतो.

पण मैत्रिणींनो, जरा थांबा. फेस म्हणजे स्वच्छता, हे आपल्याला सांगितलं कोणी? आपल्या आज्या चुलीतल्या राखेने भांडी घासत. फेसाचं नाव नाही, पण पितळ लख्ख. शिकेकाईला फेस जेमतेम, पण केस स्वच्छ. उलट रिठ्याला फेस भरपूर आणि तरीही तो इतका सौम्य, की पैठणी आणि सोन्याचे दागिने त्याच्याच पाण्यात धुवायचे. म्हणजे फेस जास्त तर माल कडक किंवा फेस कमी तर माल हलका, असा काही हिशेब नाही. फेसाचं काम एवढंच, की साबणाचं पाणी गाडीच्या उभ्या बाजूवर थोडा वेळ टिकून राहतं, धूळ भिजते आणि फडकं अलगद सरकतं. हे काम मोलाचं आहे, पण तेवढंच आहे. निव्वळ फेस वाढवणारी द्रव्यंही मिळतात. ती घातली की फेस दुप्पट होतो, पण मळ दुप्पट निघत नाही.

आता गाडीच्या कातडीबद्दल थोडं. हो, कातडीच! गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही तो पातळ. गाडीची सगळी चमक याच थरावर. भांडी घासायच्या वडीत बारीक खरखरीत भुकटी असते. कढईचा तळ निघावा म्हणूनच ती घातलेली असते. तीच वडी गाडीवर फिरवली, की उन्हात बारीक गोल गोल ओरखडे चमकायला लागतात. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. तेलकट कॉलर काढायला तो चांगला, पण गाडीवरचं पॉलिश तो उतरवतो, अॅल्युमिनियमचे भाग काळवंडतो आणि हात कोरडे पाडतो ते वेगळंच. म्हणून गाडीला लागतो तो ना आम्ल ना अल्कली, असा मधला, सौम्य साबण. चांगल्या कार शॅम्पूच्या बाटलीवर 'पीएच न्यूट्रल' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

लिहिलेलं खरं की खोटं, हे आपल्याला कसं कळणार? कळतं! त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आपलं स्वयंपाकघर पुरतं.

पहिली परीक्षा हळदीची. चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा, वाळू द्या आणि पट्ट्या कापा. एका पट्टीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. ती लालसर होईल. हा झाला नमुना. आता दुसऱ्या पट्टीवर गाडीचा साबण टाका, पण बादलीत जितका पातळ करणार तितकाच पातळ करून. पट्टी लाल झाली तर साबणात सोडा किंवा कॉस्टिक जास्त आहे. पिवळीच राहिली तर एक पायरी पास. पण आम्ल मात्र हळदीला कळत नाही. त्यासाठी दारातलं लाल जास्वंदीचं फूल घ्या. पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून रंग काढा. त्या पाण्यात साबणाचे थेंब टाकल्यावर रंग गडद गुलाबी झाला तर आम्ल, हिरवट झाला तर अल्कली. साबण स्वतःच रंगीत असेल तर तो चांगला पातळ करून मगच पाहा. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातलाच हा धडा आहे. त्यांनाच करायला सांगा, अभ्यासही होईल.

दुसरी परीक्षा चिमटीची. साबणाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळा. कणी लागली, खरखर जाणवली, तर तो साबण गाडीला नको.

तिसरी परीक्षा आपल्या पाण्याची. बाटलीवरचे दावे आपल्या बोअरच्या पाण्याला विचारून केलेले नसतात! आपल्या भागात बऱ्याच बोअरचं पाणी जड, क्षाराचं. अशा पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही, दह्यासारखा साका धरतो. सारख्या मापाच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा फिल्टरचं. दोन्हीत सारखाच साबण, मोजून वीस वेळा हलवा आणि ठेवून द्या. दहा मिनिटांनी फेसाकडे नको, फेसाखालच्या पाण्याकडे बघा. पाणी नितळ असेल तर साबण तुमच्या पाण्याला चालतो. गढूळ, फुटक्या दुधासारखं दिसलं तर तो मळ काढण्याऐवजी गाडीवर पांढरा थर ठेवून जाणार.

चौथी परीक्षा डागाची. पातळ केलेल्या साबणाचा चमचाभर थर स्टीलच्या झाकणावर वाळू द्या. शेजारी नुसतं बोअरचं पाणी वाळवा. साबणाचा डाग पाण्याच्या डागाहून खूपच दाट आणि चिकट असेल, तर तो धुवून काढायला जास्त पाणी लागणार.

आणि शेवटची परीक्षा प्रत्यक्ष गाडीवर, पण दर्शनी बाजूला नव्हे. दाराच्या खालची कड किंवा चाकामागचा भाग घ्या. अर्ध्या भागावर एक साबण, अर्ध्यावर दुसरा. पाणी तेच, फडकं तेच. चिखल कोणत्या बाजूचा आधी सुटला आणि साबण जायला किती मग पाणी लागलं, ते मोजा. रात्रभर जाऊ द्या आणि सकाळी उजेडात बघा. एवढं केलं, की दुकानदाराला काही विचारायची गरजच उरत नाही.

आता पैशाचं बघू. समजा, अर्धा लिटरची बाटली २०० रुपयांना आहे आणि एका धुण्याला २० मिलि पुरतं. म्हणजे २५ वेळा गाडी धुतली जाते, एका वेळेला ८ रुपये. सुटा कॅन ५ लिटरचा ३०० रुपयांना मिळाला, पण त्यातलं १५० मिलि घातल्याशिवाय मळ निघत नाही. तर एका वेळेला ९ रुपये पडले. स्वस्त कोणतं? लिटरचा भाव नको, एका धुण्याचा भाव काढा. आणि दाटपणालाही भुलू नका. मीठ घालूनही असं द्रावण दाट करता येतं. दाट म्हणजे दमदार, असं नसतं.

सुट्या कॅनचा विषय निघालाच आहे, तर जिथे खरं दुखतं तिथे येऊ. हा माल पुष्कळदा आपल्याच बायका करतात. फिनेल, भांडी घासायचं लिक्विड, गाडी धुवायचं लिक्विड हे बचत गटांचे नेहमीचे धंदे. माविम १९७५ पासून आहे, २०११ पासून 'उमेद' आलं, पुण्यात भीमथडी जत्रेसारखी बाजारपेठ मिळाली. गावातली बाई चार पैसे स्वतःच्या हिमतीवर मिळवू लागली, याचा अभिमानच आहे. पण या लिक्विडचा मूळ माल काय असतो? बाजारात त्याला 'अॅसिड स्लरी' म्हणतात. नावातच अॅसिड आहे. त्यात कॉस्टिक घालून त्याचं आम्ल मारायचं असतं. कॉस्टिक कमी पडलं तर आम्ल शिल्लक, जास्त झालं तर कातडी सोलणारी अल्कली शिल्लक. आणि हे सगळं आपल्या पडवीत, प्लास्टिकच्या ड्रममध्ये, लाकडी दांड्याने, उघड्या हातांनी, शेजारी पोर खेळत असताना चाललेलं असतं. गिऱ्हाईक मागतं फेस, म्हणून गट फेस वाढवतो. हातांना भेगा पडतात त्या मात्र गटातल्या बाईच्या.

म्हणून दोन्ही बाजूंना सांगणं आहे. करणाऱ्या मैत्रिणींनो, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा याला खर्च समजू नका, ते भांडवल आहे. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. ते उसळतं आणि डोळा जातो. प्रत्येक घाणीतला नमुना हळदीवर आणि जास्वंदीवर तपासूनच बाटल्या भरा. कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही भरू नका, तहानलेलं लेकरू लेबल वाचत नाही. बाटलीवर गटाचं नाव, पत्ता, वजन-माप, तयार केल्याचा महिना, किंमत आणि किती पाण्यात किती घालायचं, हे स्पष्ट लिहा.

आणि घेणाऱ्यांनो, हे लिहिलेलं नसेल तर विचारा. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, ती आपण प्रश्न विचारावेत म्हणूनच ना? तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण गटाचा माल साधा, कमी फेसाचा आणि सौम्य असेल, तर "फेसच होत नाही" म्हणून नाक मुरडू नका. आपण फेस मागायचं सोडलं, तर त्या फेस वाढवायचं सोडतील.

राहता राहिलं पाणी. नळी सोडून गाडी धुतली, की मिनिटाला सहज दहा लिटर पाणी वाहून जातं. पंधरा मिनिटांत दीडशे लिटर! शिरूर-दौंडच्या ज्या वाड्यावस्त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्यांच्यासाठी हे पाणी किती दिवसांचं, ते तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. गाडी सावलीत, इंजिन थंड झालेलं. आधी नुसत्या पाण्याने धूळ भिजवून उतरवायची, कोरडं फडकं फिरवायचं नाही. मग टपावरून खाली, चाकं सर्वांत शेवटी. साबण वाळायच्या आत धुवायचा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचा. म्हणजे डाग नाही आणि पाणीही चार-पाच बादल्यांत भागतं.

आणि गाडी नदीत नेऊन धुवायची नाही, म्हणजे नाहीच. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे ढीग तरंगताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यात कारखान्यांचं आणि गावांचं न शुद्ध केलेलं सांडपाणी होतं, एकट्या गाड्यांचा साबण नव्हे. पण नदीला आपली एक बादली वेगळी कुठे कळते? १९५०-६०च्या दशकांत जर्मनी, इंग्लंडच्या नद्याही डिटर्जंटच्या फेसाने भरल्या होत्या. पाण्यात न कुजणारी रसायनं हे त्याचं कारण. १९६०च्या दशकात त्यांनी रसायनं बदलली, तेव्हा कुठे तो फेस ओसरला. आपली घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीला जाते. वाटेत गुरं पितात, माणसंही पितात. म्हणून गाडीचं पाणी विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, मातीत मुरेल असं सोडा. भाजीच्या वाफ्यात नको.

याच इनामगावात डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर आदी संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी घोडेच्या पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता आणि त्याला दगडांचा बांध घातला होता, असं त्यात दिसून आलं. पाण्याचं मोल त्यांना कळत होतं. आपल्याला तर पाण्याबरोबर साबणाचंही कळायला हवं.

तेव्हा येत्या खंडेनवमीला गाडी जरूर धुवा, झेंडूची माळ घाला, हळदकुंकू वाहा. फक्त त्या हळदीतली चिमूटभर आधी साबणाच्या परीक्षेसाठी काढून ठेवा!