मॉनिटर दोन, मान एकच

लग्नसराई आली की तिरोड्यातल्या फोटो स्टुडिओंमध्ये रात्री उशिरापर्यंत काम चालते. फोटो निवडायचे, रंग सुधारायचे, अल्बम लावायचा. हे सगळे लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर भागत नाही. मग त्याला एक-दोन मॉनिटर जोडले जातात. सोय खरीच आहे. पण पैसा मॉनिटरवर खर्च होतो, मांडणीचा विचार होत नाही आणि त्याची किंमत मान व डोळे मोजतात.

एरवी आपल्या पापण्या मिनिटाला साधारण १५ वेळा मिटतात. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर येऊ शकते. अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात, संध्याकाळी डोके दुखते. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर असेल तर त्रास आणखी वाढतो. अशा वेळी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा कामाला बसणे हा उपाय नव्हे. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचाही फारसा भरवसा नाही. २०२३ मधल्या कॉक्रेन आढाव्यात अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसले नाही.

उपाय साधे आहेत. ज्या मॉनिटरवर जास्त काम, तो अगदी समोर. दुसरा त्याला लागून, थोडा आत वळवलेला. दोन्ही सारखेच वापरात असतील तर त्यांचा सांधा नाकासमोर यावा. अंतर हातभर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. चाळिशीनंतर दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर मॉनिटर आणखी खाली घ्यावा, नाहीतर हनुवटी वर करून दिवस काढावा लागतो. लॅपटॉपचा पडदा वापरायचा असेल तर तो स्टँडवर उचलावा आणि कीबोर्ड वेगळा घ्यावा. दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फूट दूर पाहावे.

जोडणीही नीट समजून घ्यावी. साध्या स्प्लिटरने एकच चित्र दोन्हीकडे दिसते, कामाची जागा वाढत नाही. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र मिळतेच असेही नाही. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के मॉनिटर सेकंदाला ३० चित्रांवर अडतो आणि माऊसचा बाण अडखळत चालतो. दोन पडद्यांचा उजेड व रंग वेगवेगळे असतील तर डोळ्यांना सतत जुळवून घ्यावे लागते, शिवाय नवरीचा शालू अल्बममध्ये भलत्याच रंगाचा छापला जातो. म्हणून दोन्ही मॉनिटर जुळवून घेणे धंद्याच्याही हिताचे.

हंगामापुरती कामाला ठेवलेली मुले तक्रार करत नाहीत. काम जाईल ही भीती असते. त्यामुळे खुर्ची, टेबलाची उंची आणि अधूनमधूनची विश्रांती ही मालकाची जबाबदारी ठरते. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. हाताला मुंग्या येणे किंवा पकड सैल होणे अशी लक्षणे दिसली तर हंगाम संपायची वाट पाहू नये. मॉनिटर बिघडला तर नवा आणता येतो. मानेचे तसे नाही.