रूपाचा हिशेब

निसर्गपटांत एक वाक्य हमखास असतं : ‘या देखण्या नरावर मादी भाळते.’ ३२ वर्षं बँकेत काढल्यामुळे मला अशा सरळ नोंदींचा संशय येतो.

कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांवर ब्लूहेड रॅस नावाचा मासा राहतो. वीतभरसुद्धा नसतो. थोराड नराचं डोकं निळंशार, अंग हिरवं, मधे काळेपांढरे पट्टे. माद्या आणि लहान नर मात्र पिवळे. दुपारच्या सुमारास या निळ्या डोक्यांकडे माद्यांची रीघ लागते. एखाद्याचं दिवसात शंभरापर्यंत वेळा जुळतं. रूपाची जादू, दुसरं काय!

पण रॉबर्ट वॉर्नर या शास्त्रज्ञाने पनामाच्या सान ब्लास बेटांपाशी पाहिलं, की मीलनाच्या ठरलेल्या जागा १२ वर्षं, म्हणजे माशांच्या चारेक पिढ्या, तशाच राहिल्या. त्याने खडकावरचे नर बदलून पाहिले. माद्या जुन्याच जागी येत राहिल्या. माद्या बदलल्या, तेव्हा मात्र जागा बदलल्या. रूप अगदीच वाया जातं असं मी म्हणत नाही. दणकट अंगाशिवाय मोक्याची जागा बळकावता येत नाही आणि राखताही येत नाही. पण गिऱ्हाईक जागेचं, त्याचं नव्हे. त्यातून १९९५ साली असंही दिसलं, की ज्याच्याकडे सर्वाधिक गर्दी, तो दर खेपेला शुक्रपेशी हात राखूनच सोडतो आणि त्याच्याकडे फलित होणाऱ्या अंड्यांचं प्रमाण किंचित कमीच भरतं. गर्दीच्या दुकानात माप मारतात, तसंच.

हे वाचलं आणि मला माझी एक शाखा आठवली. तिथे माझ्या कारकिर्दीत ठेवी तिपटीने वाढल्या. सत्कार झाला. मी त्यासाठी नवा सफारी शिवला आणि ग्राहकसंबंधांवर भाषणही ठोकलं. समोर एसटीचं नवं स्थानक झालं होतं, हे भाषणात नव्हतं. पुढे माझी बदली झाली. माझ्या जागी आलेले गृहस्थ बुटके, अबोल, शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. ठेवी वाढतच राहिल्या. ते आकडे मी बरीच वर्षं चोरून पाहत असे.

परवा हिला विचारलं, ‘पाहायला आलो होतो, तेव्हा माझ्यात काय दिसलं तुला?’

ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘नळाला दोन्ही वेळा पाणी येतं, असं सासूबाई म्हणाल्या होत्या.’