कोणत्या डोंगरांत जावें?

शाळांच्या परीक्षा जवळ आल्या कीं आपल्या घरांतून सुटीच्या बेतांचीं बोलणीं सुरू होतात. पूर्वीं हे बेत आजोळ, कोंकण किंवा एखादें तीर्थक्षेत्र यांच्यापलीकडे फारसे जात नसत. आतां पाठीला सॅक लावून डोंगरांत पायीं हिंडण्याची हौस घरोघर शिरली आहे, आणि ती शिरली हें फार चांगलें झालें. चार दिवस एका वाटेनें चालणारीं आणि एकाच पातेल्यांतलें पिठलें वाटून खाणारीं माणसें एकमेकांना जितकीं ओळखतात, तितकीं तीं एका छपराखालीं वर्षभर राहूनही ओळखत नाहींत. परंतु जावें कोणत्या डोंगरांत, हा प्रश्न निघाला म्हणजे थोरला मुलगा मोबाइलवरील एखादें बर्फाचें चित्र पुढें करतो, धाकटे काका मित्राच्या पराक्रमाचा दाखला देतात, आणि बाकीचीं माणसें गप्प बसतात. बहुतेक घरांतून निवड होते ती अशी. आमच्या मतें ती उलट्या टोकापासून झाली पाहिजे.

पहिला प्रश्न महिन्याचा. डोंगर बारा महिने उभा असला तरी तो बारा महिने आपणांस थारा देतो असें नाहीं. दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस सह्याद्रीचे. पाऊस संपलेला असतो, गडांवरचीं टाकीं भरलेलीं असतात आणि ऊन सोसण्याजोगें असतें. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें सुमारें ५,४०० फुटांचें कळसूबाईचें शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड यांना हाच काळ उत्तम. युनेस्कोनें २०२५ सालीं जागतिक वारशांत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकीं साल्हेर, राजगड आणि लोहगड हेही याच दिवसांत पाहावे. तेच डोंगर मे महिन्यांत नकोसे होतात, कारण कातळ तापतो, सावली नसते आणि कित्येक टाकीं आटून जातात. मे महिन्याचीच सुटी असेल तर हिमालयाकडे वळणें शहाणपणाचें. रजा श्रावणांत मिळत असली तर मात्र विचार अधिक हवा. गढवालमधील पुष्पदरी बहरते ती जुलै-ऑगस्टमध्यें, आणि तिकडचे रस्ते दरडी कोसळून बंद पडतात तेही याच दिवसांत. लडाख पर्वतरांगांच्या आड असल्यामुळें तेथें पाऊस त्या मानानें फार थोडा. परंतु तेथील अडचण निराळी आहे, ती पुढें सांगतों.

दुसरा प्रश्न माणसांचा. समजा, घरांत अडुसष्ट वर्षांचे आजोबा आहेत, गुडघा दुखणाऱ्या आत्याबाई आहेत आणि नऊ वर्षांचा नातू आहे. अशा मंडळींत डोंगर निवडावयाचा तो सर्वांत पुढें धांवणाऱ्याच्या पायांवरून नव्हे, सर्वांत मागें राहणाऱ्याच्या पायांवरून. पुढचा थांबूं शकतो. मागच्याला पळतां येत नाहीं. नुसतें डोंगराचें नांव कळून येथें भागत नाहीं, वाट कोणती हें विचारावें लागतें. हरिश्चंद्रगड एकच, पण पाचनईकडून चढणारी वाट मुलाबाळांना झेपणारी आहे, आणि कोंकणांतील बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट कसलेल्यांनाच शोभणारी. कळसूबाईच्या वाटेवर उभ्या टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत. तिच्याच शेजारचे अलंग, मदन आणि कुलंग हे त्रिकूट दोर व जाणते सोबती यांच्यावांचून करण्याचें नव्हे.

याच प्रश्नाचा एक पोटप्रश्न आहे, तो बहुधा कोणी विचारीत नाहीं. डोंगरांत स्वयंपाक कोणी करावयाचा? सर्वांची सुटी आणि घरांतील सुनांच्या हातीं स्टोव्ह, अशी सहल पुष्कळ घरांतून होते, आणि मग पुढच्या वर्षीं त्याच सुना “आम्ही घरींच बऱ्या” म्हणूं लागल्या तर नवल नाहीं. पाचनईसारख्या पायथ्याच्या गांवीं घरगुती जेवण मिळतें आणि गांवकऱ्यांनाही दोन पैसे लाभतात. दार्जिलिंगकडील संदकफूच्या वाटेवर मुक्कामोमुक्कामीं राहण्या-जेवण्याची सोय आहे. सुमारें ११,९०० फुटांवरच्या त्या ठिकाणाहून कांचनगंगा आणि स्वच्छ दिवशीं एव्हरेस्टही दिसतें, आणि दिवाळीच्या सुमारास आकाश बहुधा निवळलेलें असतें. जेथें जेवण आयतें मिळेल तेथें सर्वांची सुटी ती खरी सुटी होईल.

तिसरा प्रश्न उंचीचा; आणि येथें चूक झाली तर ती जिवावर बेतते. सह्याद्रींत हा प्रश्नच उद्भवत नाहीं, म्हणून आपल्याकडील मंडळी तो विसरतात. सुमारें आठ हजार फुटांच्या वर विरळ हवेचा त्रास होऊं लागतो: डोकें दुखतें, मळमळतें, झोप लागत नाहीं. शरीर कसलेलें असलें म्हणजे त्रास होत नाहीं, हा समज खोटा आहे. भराभर वर चढणारी तरुण मंडळीच पुष्कळदां आधीं आजारी पडतात. वैद्यकांतील नियम असा कीं, दहा हजार फुटांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून सुमारें दीड हजार फुटांपेक्षां अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसावा घ्यावा. बसल्या जागीं धाप लागूं लागली, चालतांना झोक जाऊं लागला किंवा बोलण्यांत भ्रम दिसला, तर सकाळची वाट न पाहतां त्या माणसाला खालीं आणावें. लडाखची अडचण ती हीच. लेह सुमारें ११,५०० फुटांवर. विमानानें थेट उतरणाऱ्यानें पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीस द्यावे. सहा दिवसांच्या रजेंत हें बसत नसेल तर लेह त्या वर्षीं आपल्यासाठीं नाहीं, इतकेंच. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून यांतील कोणताही बेत करूं नये.

चौथा प्रश्न परतीचा, आणि आम्हांस तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिमालयांतील वाटा दोन जातींच्या आहेत. कांहीं वाटा खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यांत उतरतात. उत्तराखंडांतून हिमाचलांत उतरणारी, सुमारें १५,२०० फुटांची रुपिन खिंड ही त्यांतली. तेथें अर्ध्यावर कोणी आजारी पडलें तर पुढें जाणेंही कठीण आणि मागें येणेंही लांबचें. दुसऱ्या वाटा दरींत किंवा शिखरापर्यंत जाऊन त्याच पावलीं परततात. हर-की-दूनची वाट तशी आहे. तुंगनाथाची तर विशेष सोयीची. चोपता येथून निघालेली बांधलेली पायवाट चार किलोमीटरांच्या आंत सुमारें १२,००० फुटांवरील मंदिरापर्यंत जाते. आजोबांना जेथें दम लागेल तेथें त्यांनीं बसावें, आणि बरोबर एका माणसानें राहावें. बाकीचे वर जाऊन येतील. रात्रीचा मुक्काम पुन्हां खालीं चोपत्यासच, म्हणून उंचीचीही भीति त्या मानानें कमी. ज्या कुटुंबांत तीन पिढ्या बरोबर निघतात, त्यांनीं पहिल्या हिमालयांत अशीच वाट धरावी, आणि गाडीच्या परतीच्या तिकिटापूर्वीं दोन दिवस रिकामे ठेवावे. ते दोन दिवस हाताशीं नसले म्हणजे माणसें पावसांत किंवा तापांतही हट्टानें पुढें जातात.

तेव्हां या वर्षींच्या घरच्या बैठकींत एवढेंच करून पाहा. नकाशा उघडण्यापूर्वीं रजेचा महिना आणि दिवस कागदावर लिहा. मग सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला पहिल्यानें बोलूं द्या, आणि घरांत जी रोज रांधते तिला दुसऱ्यानें. चित्र दाखविणाऱ्या चिरंजीवांचा क्रम शेवटीं. त्यांचा उत्साह मोडूं नये. रुपिनसारख्या खिंडी त्यांनीं पुढें आपल्या जोडीच्या मित्रांबरोबर, जाणता वाटाड्या घेऊन अवश्य कराव्या. पण घराची सहल ही घराची असावी. अशा रीतीनें ठरलेला डोंगर कदाचित् लहान असेल, परंतु त्याच्या पायथ्याशीं कोणाला एकटें बसवून ठेवावें लागणार नाहीं.

सॅकमध्यें काय भरावें आणि काय घरीं ठेवावें, याविषयीं पुढील अंकीं.