भरल्या गाडीचे माप

गोंदिया शहराला लागूनच असलेल्या फुलचूरसारख्या गावात, जिथे शहराची बाजारपेठ संपते न संपते तोच धानाच्या बांध्या सुरू होतात, जुन्या डिझेल ट्रकाचे स्थान काय आहे हे ज्याने पाहिले असेल, त्याला त्या ट्रकाला मोठे टायर बसवण्याच्या खटाटोपात केवळ हौस दिसणार नाही. उन्हाळी धान मे महिन्यात हाती येते, त्याची उचल कित्येकदा पाऊस सुरू झाल्यावरही चालू राहते, आणि अशा वेळी कन्हार, म्हणजे चिकट काळ्या, जमिनीतून गेलेल्या पांदण रस्त्यावर, जिथे चाकोऱ्या खोल जाऊन मधला उंचवटा थेट मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगला घासतो, तिथे कट्ट्यांनी, म्हणजे धानाच्या पोत्यांनी, भरलेली गाडी रुतली म्हणजे मालक, हमाल आणि शेतकरी या तिघांचाही दिवस मातीमोल होतो. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेला, परंतु कर्ज फिटलेली जुनी गाडी जिवापाड सांभाळणारा मालक अशा प्रसंगी चाक मोठे करण्याचा विचार करतो, यात त्याचा अपराध मानणे मला अन्यायाचे वाटते. अपराध घडतो तो पुढे: माप न घेता, आणि कोणत्याही दप्तरी नोंद न करता, तो विचार अमलात आणला जातो तेव्हा.

1986 साली टेल्कोने बाजारात आणलेली 407 ही या मुलखात घरोघरी ओळखीची गाडी. तिच्या वर्गातील पुष्कळ लहान ट्रकांना 7.50-16 मापाचे टायर असतात, आणि त्याच रिंगच्या व्यासावर त्याहून एक पायरी मोठा म्हणून मालकाची नजर 8.25-16 या मापाकडे जाते. टायराचा व्यास याने साधारण 5 सेंटीमीटरने वाढतो. पण गाडी वर उचलली जाते ती त्रिज्येने, म्हणजे अवघी अडीच सेंटीमीटर. या अडीच सेंटीमीटरांची किंमत मात्र गाडीच्या प्रत्येक अवयवाला मोजावी लागते. चाक सुमारे 6 टक्क्यांनी मोठे झाले की प्रत्येक गिअरमधील ओढ जवळपास तितक्याच प्रमाणात घटते, चढावर क्लचचा छळ होतो, आणि काटा ताशी 50 किलोमीटर दाखवीत असता गाडी वस्तुतः 53 च्या वेगाने धावत असते. सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकची: ड्रम तोच, लायनर तेच, पण रस्त्याशी गाठ पडते ती अधिक दूरच्या परिघावर, त्यामुळे पायाखाली तेवढाच जोर लावूनही गाडीला थोपवणारे बल त्याच 6 टक्क्यांनी उणे होते. ज्या गाडीचे ब्रेक वीस वर्षांच्या वापराने आधीच मंदावले आहेत, तिच्या बाबतीत ही वजाबाकी क्षुल्लक नव्हे.

असे असूनही, गाडी न उचलता टायर बदलण्याचा मार्ग मी उचलण्याच्या मार्गाहून अधिक शहाणपणाचा समजतो. अॅक्सल आणि कमानपाटे यांच्यामध्ये ठोकळे घालून, किंवा शॅकल लांब करून सांगाडा वर चढवला म्हणजे प्रोपेलरच्या जॉइंटचे कोन बदलतात, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, स्टेअरिंगच्या दांड्यांची रचना बिघडते, आणि धानाच्या कट्ट्यांची उंच थप्पी घेऊन वळणाऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य धोक्याच्या पातळीकडे सरकतो. गुरुत्वमध्य अडीच सेंटीमीटरने चढतो तेवढे सोडले, तर यातले काहीही नुसत्या एका पायरीच्या टायराने होत नाही. उणीव राहते ती जागेची, आणि ती जागा पुरेशी आहे की नाही हा प्रश्न गॅरेजच्या अंगणात, रिकाम्या गाडीपाशी उभे राहून सुटणारा नाही.

माझा सारा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. रिकाम्या गाडीचे पाटे कमानीसारखे ताठ असतात. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये तेव्हा पंजा सहज शिरतो, आणि मिस्त्री निःशंक मनाने नट आवळून मोकळा होतो. तीच गाडी 40 किलोचे 60 कट्टे, म्हणजे 2400 किलो, घेऊन निघाली की पाटे दबतात, पंजाची जागा बोटांवर येते, आणि खड्ड्यात एक चाक उतरले असता तीही उरत नाही. म्हणून ज्याला माप घ्यायचे आहे त्याने नेहमीचा भार खरोखर चढवून, पुढचे एक चाक भक्कम ठोकळ्यावर घेऊन, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे कुठे टेकतो ते पाहावे. मडगार्डचा काठ, टायरॉडचे टोक, पाट्यांची कड आणि ब्रेकचा पाइप ही चार ठिकाणे हाताने चाचपावी. मडगार्डचा काठ कापून टायराला जागा करून देता येते, पण पाइप घासत असेल तर तिथे तडजोडीला मुभा नाही. मागे जोडचाके असतात, तिथली गोष्ट आणखी निराळी. 8.25 चा टायर 7.50 च्या टायराहून साधारण 2 सेंटीमीटर रुंद, तेव्हा जोडीतील फटही तितकीच कमी होते. भाराखाली बाजू फुगल्या की दोन्ही टायर एकमेकांना घासून तापतात, आणि बांधावरचा एखादा दगड त्या फटीत अडकला तर टायर फुटण्याला निमित्त लागत नाही. एका जोडीत एक जुन्या मापाचा व एक नव्या मापाचा टायर घालणे तर सर्वथा वर्ज्य, कारण उंच टायर सगळा भार एकट्यावर घेतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

आता कायद्याकडे वळू. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 58 ने वाहनाचे कमाल वजन टायरांची संख्या, प्रकार आणि आकार यांच्याशी बांधून टाकले आहे, आणि मालवाहू गाडीच्या टायरांचे माप नोंदणीत दाखल होते. कलम 52 म्हणते की निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच मनाई ठामपणे उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. या कठोरपणामागील हेतू मला पूर्ण मान्य आहे, कारण मोठा टायर बसवून अधिक भार लादण्याची वृत्ती आपल्याकडे आहेच, आणि टायर मोठा झाला म्हणून अॅक्सल, पाटे वा चेसिस यांची ताकद तसूभरही वाढत नाही. परंतु ज्या कलमाने इंधनाचा प्रकार बदलण्यास आणि अपंग चालकाच्या सोयीसाठी गाडीत बदल करण्यास रीतसर वाट ठेवली आहे, त्याच कायद्याच्या छत्राखाली, भार एका किलोनेही न वाढवता एक पायरी मोठा टायर घालू इच्छिणाऱ्या प्रामाणिक मालकाला सरळ दरखास्त करण्याची सोय का असू नये? आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतोच. त्या तपासणीच्या वेळी भरल्या गाडीचे माप घेऊन, वजन पूर्ववत ठेवून, टायराचा नवा आकार नोंदणीत चढवण्याची तजवीज परिवहन खात्याने करावी; आणि ज्या जुन्या गाड्या कंपन्यांनी स्वतः बनवल्या व विकल्या, त्यांना कोणकोणते पर्यायी माप चालते याचे कोष्टक कंपन्यांनी मराठीत छापून जिल्ह्याजिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात ठेवावे, म्हणजे मालकाला मिस्त्रीच्या अंदाजावर आणि तपासनीसाच्या मर्जीवर विसंबून राहावे लागणार नाही.

पांदण रस्त्यांचे खडीकरण हाही या प्रश्नाचाच भाग आहे, आणि मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेच्या नावाखाली ते काम शासनाने 2021 मध्ये अंगावर घेतलेही आहे. ज्या पांदणीवर मुरूम आणि खडी खरोखर पडेल तिथल्या ट्रकमालकाला अडीच सेंटीमीटरांसाठी ब्रेकचा घास द्यावा लागणार नाही. ज्या पांदणी अजून चिखलातच आहेत, तिथल्या गाड्यांसाठी मात्र नोंदणीची ही वाट येत्या उन्हाळी धानाची उचल सुरू होण्यापूर्वी उघडली गेली पाहिजे.