तीन वर्षांची उसंत

शनिवार उजाडला की नसरापूरवरून पुण्याच्या गाड्या राजगडाकडे वळू लागतात. गुंजवण्यात गाडी लावायची, चोर दरवाजाने पद्मावती माची गाठायची, पिठले-भाकरी खायची आणि रविवारी रात्री पुन्हा लॅपटॉप उघडायचा. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांनी शहराचा शीण वर्षानुवर्षे उतरवला आहे. पण आठवडाभराची झीज दीड दिवसात भरून निघते का?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेले आकडे धडकी भरवणारे आहेत. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. 2016 या एका वर्षात अशा राबण्यापायी जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार माणसे दगावली.

जुलै 2024 मध्ये पुण्यात 26 वर्षांची एक सनदी लेखापाल गेली. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ओझ्याकडे बोट दाखवणारे तिच्या आईचे पत्र देशभर वाचले गेले.

भोर-वेल्ह्याची मुलेही आज शिरवळ, खेड-शिवापूर, पुण्यात पाळ्या करतात. थांबलो तर मागे पडू, ही धास्ती त्यांनाही आहे. त्यांच्यासाठी दाखला याच मातीत आहे. पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेलेले असताना शिवराय 1666 मध्ये आग्र्याहून सुटून राजगडी परतले. किल्ले परत घेण्याची घाई त्यांनी केली नाही. पुढची तीन वर्षे मुघलांशी झुंज टाळून त्यांनी राज्याची घडी बसवली आणि फेब्रुवारी 1670 मध्ये सिंहगड जिंकला.

नोकरदाराला मात्र अशी उसंत एकट्याच्या बळावर मिळत नाही. तिला कायद्याचा आधार लागतो. भोर-वेल्हे ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येतात, तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक 2018 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये लोकसभेत मांडले. फ्रान्समध्ये हा हक्क 2017 पासून कायद्यात आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. दिवाळीच्या सुट्टीत कुणालाही फोन करावा लागणार नाही, अशी कामाची वाटणी मालक आणि व्यवस्थापक आजच करू शकतात. आणि ज्यांची झोप उडाली आहे, छाती भरून येते, त्यांनी दुखणे अंगावर न काढता याच सुट्टीत डॉक्टरांना गाठावे, ही या अंकाची कळकळीची विनंती.