दोन गोळ्यांची बचत महागात पडते

लघवीला जळजळ होते, वारंवार जावे लागते. आपल्या घरांतील स्त्रिया हे दुखणे लाजेपोटी लपवितात आणि केमिस्टकडून दोन गोळ्या मागवून वेळ मारून नेतात. वरवर डॉक्टरची फी वाचते, पण हा हिशोब खोटा आहे.

हा मर्ज बहुतांशी ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो. चुकीचे किंवा वारंवार विनाकारण औषध घेतले की कमजोर जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि वाढतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अहवालांनुसार, मोठ्या रुग्णालयांतील लघवीच्या नमुन्यांत सापडलेल्या निम्म्याहून अधिक ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला तर इंजेक्शने आणि इस्पितळाचा खर्चही मागे लागू शकतो.

सेफिक्झिमसारखी शेड्यूल एच-१ मधील औषधे विकताना डॉक्टर व रुग्णाचे नाव वहीत नोंदविणे २०१४ पासून बंधनकारक आहे. चिठ्ठीविना ती देणारा दुकानदार आपल्यावर मेहेरबानी करीत नाही.

नमुना पाहिल्याशिवाय आम्ही कापडाची गाठ उचलत नाही. मग दुखणे उलटल्यावर लघवीचे कल्चर न करता औषध का घ्यावे? अहवाल दोन-तीन दिवसांत मिळतो आणि कोणते औषध लागू पडेल ते कळते.

ज्यांच्या कारखान्यात स्त्रिया कांड्या भरतात, धागे कापतात, त्या मालकांचीही जबाबदारी आहे. संडास नसला की बायका पाणी पिणे टाळतात, लघवी रोखतात आणि दुखणे बळावते. स्वच्छ संडास, पिण्याचे पाणी आणि दवाखान्यासाठी अर्ध्या दिवसाची पगारी सुटी, एवढे तरी आम्ही द्यायलाच हवे.